हार्ड डिस्क आणि आण्णांचा हात

राजारामपुरीतल्या त्या इमारतीचे दोन जिने त्रिशला चढली ती भांडायच्या तयारीनंच. वर पहिलं उघडं दुकान दिसलं, त्यात शिरली आणि हातातली हार्ड डिस्क तिनं काउंटरवर आपटली.

"उघडायला कुणी सांगितलं होतं? नुसती बघा म्हटलं होतं मी फोनवर. तीन वर्षं हुपरीत घरोघर फिरून चांदीच्या चारशे पैंजणांचे फोटो गोळा केलेत. माझ्या बापाचं, आण्णांचं, पैंजण घडवतानाचं शूटिंग हाय त्यात. जमत नव्हतं तर हात कशाला लावला?"

काउंटरमागचा तरुण स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून ऐकत राहिला. ती दमून थांबली, तेव्हा त्यानं पाण्याची बाटली पुढं सरकवली.

"पावणं, तुम्ही म्हणताय ते दुकान शेजारचं. आज बंद हाय."

त्रिशलाचे कान तापले. "मग आधी सांगायचं न्हाय?"

"सांगणार होतो की. पण तुम्ही श्वास कुठं घेतला?"

हसू लपवायला त्यानं मान खाली घातली. ते तिला दिसलं, आणि त्या हसण्याचाही राग आला.

त्याचं नाव वृषभ, गाव कोडोली. बिघडलेल्या डिस्कमधला डेटा काढून द्यायचं काम तो करायचा. डिस्क उजेडात धरून त्यानं झाकणाचे स्क्रू बघितले आणि चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"ठेवून जावा. बघतो. पण शब्द देत न्हाय."

मग त्रिशला दर दोन दिवसांनी हुपरीहून बसनं येऊ लागली. उन्हानं तापून यायची, आल्या आल्या विचारायची, "झालं?"

"काम चालू हाय."

"तुझं काम हाय का उसाचं पीक? किती दिवस?"

तो उसाचा रस मागवायचा. ती "नको" म्हणायची आणि पेला रिकामा करायची. भांडता भांडताच तिनं सगळं सांगितलं. गेल्या वर्षी अर्धांगवायूनं आण्णांचा उजवा हात गेला. साखळीत बारीक घुंगरू बसवायची त्यांची हातोटी फक्त त्या शूटिंगमध्ये उरली होती. वृषभ ऐकताना तिच्याकडं बघायचा... आणि तिनं बघितलं की नजर खाली घालायचा. परतीच्या बसमध्ये ती पुढच्या भांडणाची वाक्यं जुळवत बसायची आणि एकटीच हसायची.

तेराव्या दिवशी फोन आला म्हणून वृषभ गॅलरीत गेला. समोरच्या कपाटाच्या काचेतून त्रिशलाला तिची डिस्क दिसली. पिशवीत बंद केलेली. वर वृषभच्या अक्षरात लिहिलं होतं, 'डेटा निघणार नाही.' खाली तारीख.

तो आत आला तेव्हा पिशवी तिच्या हातात होती.

"ही तारीख अकरा दिवसांपूर्वीची हाय."

वृषभ दारातच थांबला. "डेटा असतो त्या आतल्या चकत्या खरवडल्यात. दुसऱ्याच दिवशी कळलं."

"आणि मी बसच्या फेऱ्या मारतोय."

"दर वेळी ठरवायचो, आज सांगायचं. पण सांगितलं की तुझं येणं थांबणार, म्हणून—" तो अडखळला. "तू आवडतेस मला, त्रिशला."

"घरी जाऊन दर वेळी आण्णांना सांगतोय मी, तुमचं शूटिंग येतंय म्हणून. माझ्या बापाला फसवलंस तू. ते पण माझ्या तोंडून."

ती डिस्क घेऊन जिना उतरली.

घरी तिनं आण्णांना खरं काय ते सांगितलं. त्यानंतर चार दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. वृषभचे फोन उचलले नाहीत. रविवारी सकाळी तो स्वतःच हुपरीत, त्यांच्या दारात उभा राहिला. तिच्याकडं न बघता सरळ आण्णांसमोर गेला.

"डिस्क गेल्याचं मला लगेच कळलं होतं. खोटं मी बोललो. हिचा दोष न्हाय."

"का बोललास?"

वृषभनं त्रिशलाकडं बघितलं. आण्णांनीही बघितलं.

"असं होय," आण्णा म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं हत्यारांची जुनी पेटी पुढं ओढली. "शूटिंग गेलं तर गेलं. हात गेला, डोकं जाग्यावर हाय. त्रिशला, बस हितं. तीन वर्षं नुसता कॅमेरा धरलास, चिमटा कधी धरला न्हाईस."

पहिलं घुंगरू निसटलं. दुसरंही. आण्णांनी डाव्या हातानं तिचं बोट धरून वळवलं. "हळू. दाबू नको." वृषभनं गुपचूप मोबाइल काढला आणि शूटिंग सुरू केलं. त्रिशलानं रागानं वर बघितलं, पण बंद कर म्हणाली नाही. दुपारपर्यंत एका साखळीत सात घुंगरं बसली. त्यातली तीन वाकडी होती.

वृषभ निघाला तेव्हा ती फाटकापर्यंत आली.

"माझा राग गेला न्हाय."

"माहीत हाय."

"लवकर जाणार बी न्हाय. परत खोटं बोललास तर तोंड बघणार न्हाय तुझं."

"न्हाय बोलणार." त्यानं गाडीची किल्ली उगाच दोनदा फिरवली. "आणि त्या दिवशी दुकानात मी जे बोललो... ते तेवढं खरं होतं."

त्रिशला फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिली. गाडी सुरू झाली, तरी तो निघेना.

"व्हय," ती म्हणाली. "मला बी तू आवडतोस. त्याचाच तर राग येतोय."

आणि तो काही बोलायच्या आत ती फाटक लावून आत गेली.