पाटातून वाहत आलेलं जग

जग माझ्याकडे पाटातून वाहत आलं!

खोटं नाही सांगत. अल्माटीतला डोंगरावरून उतरणारा रस्ता, कडेचा खळाळता पाट, वर पावसाची भुरभुर — आणि गटांगळ्या खात येणारा शाळेतला पृथ्वीगोल! मी हातातला गरम सामसा, म्हणजे आमचा भट्टीत भाजलेला समोसा, दातांत धरला, वाकले आणि दोन्ही हातांनी जग बाहेर काढलं. मागून एक उंच तरुण धापा टाकत आला. निथळते केस, आणि डोळे… असू दे डोळ्यांचं.

"पकडलंत? अल्लाची कृपा!"

"जग असं रस्त्यावर सोडतात का?" मी सामसा काढून विचारलं.

"हातातून निसटलं हो…"

"आणि हे बघा, कझाकस्तान भिजून फुगलाय."

"मग? आपला देश मोठाच आहे!"

तासाभरात दुसरा धक्का. विद्यापीठात माझ्या शेजारच्या खुर्चीत तोच! नाव दाउरेन. माझ्यासारखाच शिक्षक, नोकरी सांभाळून शैक्षणिक नेतृत्वाचा उच्च अभ्यास करायला आलेला. संशोधनाचा विषयही माझाच — जागतिक नागरिकत्वाचं शिक्षण. मी आ वासून बघतच राहिले.

मग रोज भांडणं.

"जगाचे नागरिक घडवायला निघाल्यात अकबोताबाई," तो म्हणायचा, "आणि शेजाऱ्याला अर्धा सामसा देववत नाही."

"शेजारी भांडखोर निघाला, तर जगाने काय करावं?"

हिवाळा संपेपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं आणि अर्धा सामसा रोज त्याच्या पुढ्यात जात होता. त्यावर मात्र दोघंही काही बोलत नव्हतो. एकदा वर्गात बायकांच्या मुख्याध्यापकपदावरून चर्चा तापली, तेव्हा मी ताडकन म्हणाले, "मुलगी म्हणून कुणी माझ्यासाठी माघार घेतली, तर ती खुर्ची मला नको!" तो हसला नाही. हातातलं पेन त्याने खाली ठेवलं.

तालगारजवळच्या माझ्या गावात शाळेच्या मुख्याध्यापकाची जागा आदल्या उन्हाळ्यातच रिकामी झाली होती; अर्ज तेव्हाच गेले होते, मुलाखती मात्र वसंतात लागल्या. मी शिकले ती शाळा. तिथे कझाक, उइगुर, रशियन, तुर्की घरांतली मुलं अजून वेगवेगळ्या बाकांवर बसतात. त्यांना एका बाकावर बसवायचं, एवढ्यासाठी मी हा सगळा अभ्यास करत होते. ती शाळा मला हवीच होती, आणि हे मी दाउरेनला रोज ऐकवत होते.

मुलाखतीला शिक्षण कार्यालयात गेले, तर दारात दुसरा उमेदवार उभा. दाउरेन!

मी दारातच त्याची वाट अडवली.

"तू? माझ्या शाळेसाठी? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस?"

"अकबोता, ऐक तरी—"

"माझ्याशी बोलू नकोस!"

मुलाखत कशी दिली, देव जाणे. निकालासाठी आत बसवेना, म्हणून बाहेर येऊन सफरचंदाच्या झाडाखाली उभी राहिले. पाकळ्या गळत होत्या आणि माझं रडू थांबत नव्हतं. तेवढ्यात मागून धावती पावलं आली.

"सुयिन्शी!" तो ओरडला.

चांगली बातमी आणणारा आमच्याकडे असंच ओरडतो, आणि ऐकणाऱ्याने एकच उत्तर द्यायचं असतं. सवयीने माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मन मागेल ते घे!" मग जीभ चावली.

"तुझी निवड झाली. आत्ताच आत नाव पुकारलं."

मी डोळे पुसले. "आणि… तू?"

"मी हरलो. जीव तोडून लढलो आणि हरलो. अर्ज केला तेव्हा तुझी ओळखही नव्हती गं. नंतर माघार घेतली असती, तर तुला ती खुर्ची नको झाली असती. आणि आधी सांगितलं असतं, तर तूच माघार घेतली असतीस… खरं ना?"

खरं होतं!

"आता माझं मागणं," तो म्हणाला. मन मागेल ते, असं मीच म्हणून बसले होते. याने शाळाच मागितली तर?

"रविवारी आई तुमच्याकडे यायचं म्हणतेय… कानातले घेऊन."

मुलाच्या आईने मुलीच्या कानात कानातले घातले, की लग्न ठरलंच म्हणून समजायचं. मी किंचाळलेच, "कानातले? अरे, तू मला एकदा तरी म्हणालास का, की तुझं माझ्यावर प्रेम आहे?"

"जग वाहून गेलं त्या दिवसापासून आहे. म्हणायचं राहून गेलं." तो खाली बघू लागला. "पण रीत म्हणून हो म्हणू नकोस हं. मनात नसेल, तर एक सामसा दे… अख्खा. आपली वाटणी संपली असं समजून मी जाईन."

मी हात वर नेले, माझे चांदीचे कानातले एकेक करून काढले आणि त्याच्या तळहातावर ठेवले. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आज पहिल्यांदाच धक्का त्याला बसला होता!

"तो फुगलेला पृथ्वीगोल घेऊन ये," मी म्हणाले, "माझ्या शाळेला लागेल. आणि आईला सांग… माझे कान मोकळे आहेत."