पायाखाली आभाळ

लाम्पांगच्या बाजारातून सुटणाऱ्या पिवळ्या सोंगथावांपैकी एकच गाडी बाई चालवते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बाईचं नाव सायबुआ. गाडी म्हणजे पुढे दोघांपुरती केबिन, मागे समोरासमोर दोन बाक, वर पत्रा आणि पत्र्याला घंटीचं बटण. ज्याला उतरायचं त्याने बटण दाबावं, सायबुआने ब्रेक मारावा. चोवीस वर्षं हेच चाललं होतं. घंटी वाजली आणि गाडी थांबली नाही, असं एकदाही झालं नव्हतं. तिचा पाय आता तिला विचारतही नसे.

त्या शनिवारी मात्र तिने गाडी प्रवाशांसाठी काढली नव्हती. सकाळी धुऊन, पुसून, आरशाला झेंडूची माळ घालून ती दारात उभी केली आणि हॉर्न वाजवला. मुलगी, प्रिम, डोळे चोळत बाहेर आली. ती बँकॉकला नोकरी करायची आणि दोन दिवसांची रजा काढून आली होती.

"आई, मी झोपायला आलेय. विहार हिंडायला नाही."

"झोप गाडीत. पण पेटीत निजल्याशिवाय मी तुला परतीची बस धरू देणार नाही."

"वा! पोरीला जिवंतपणी पेटीत घालणारी जगात तू एकटीच."

"जीभ आवर. आजच्या दिवशी तसलं बोलू नये."

"बरं बाई. पेटीत फोनला रेंज येते का, तेवढं सांग."

सायबुआला हसू आलं, पण ते तिने गिळलं. प्रिमला पंचविसावं लागलं होतं. ते वर्ष घातकी म्हणून सगळेच जपतात, पण सायबुआला त्याचा धसका होता. प्रिमचा बाप पंचविसाव्या वर्षीच गेला. ताप आला आणि तीन दिवसांत धडधाकट माणूस संपला. प्रिम तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची होती. मागे राहिली ती ही गाडी आणि ही पोर, आणि सायबुआने दोन्ही सांभाळली.

आधी त्या नदीकाठच्या सागवानी विहारात गेल्या. बुद्धाच्या गुडघ्यावर सोन्याचा वर्ख लावला, उदबत्त्या लावल्या. प्रिमने अर्धा वर्ख स्वतःच्या नाकालाच चिकटवून घेतला. निघताना फुलं सांभाळायला म्हणून ती मागच्या बाकावर बसली आणि उगाच घंटी वाजवली. दोन तुटक, एक लांब. शाळेतून येताना घराच्या वळणावर ती अशीच वाजवायची. सायबुआचा पाय ब्रेकवर गेलाच.

"फसली! आई फसली!" मागून प्रिम ओरडली.

डोंगराखालच्या विहारात ही गर्दी! मंडपात नऊ शवपेट्या ओळीने मांडलेल्या. माणसाने आत निजायचं, डोकं पश्चिमेला, मेलेल्यासारखं. अंगावर पांढरं कापड. भंते आधी मेलेल्यांसाठी म्हणतात ते म्हणतात. मग सगळ्यांनी उठून वळायचं, डोकं पूर्वेला करायचं, आणि भंते जित्यांसाठी म्हणतात ते म्हणतात. जुना जीव तिथे टाकून माणूस नवा होऊन बाहेर येतो. पेट्यांची देखरेख इनपानकाका करायचे. ते जन्मभर ह्याच विहारात राबलेले, आणि तरुणपणी काही वर्षं भिक्खूही होते.

"नऊ नंबर," ते प्रिमला म्हणाले. "आणि पोरी, मंत्र संपेपर्यंत गप्प पडायचं. कुणाला हाक मारायची नाही, कुणाच्या हाकेला उठायचं नाही."

प्रिम पेटीत निजली. कापड ओढण्याआधी तिने आईला डोळा मारला.

पहिला मंत्र चालू झाला आणि बाहेर हॉर्नचा गोंधळ उठला. यात्रेकरूंची मोठी बस आली होती आणि तिच्या वाटेत सायबुआची गाडी. तिचा जीव हॉर्नच्या आवाजाला चटकन कासावीस होतो, धंदाच तसा. ती पळत गेली, गाडी थोडी मागे घेतली, तरी बस पुढे सरकेना. "अहो बाई, गाडी काढा ना पुरती!" बसवाला खेकसला. तिने मंडपाच्या दारातून डोकावून पाहिलं. पेट्यांमधली माणसं उठून बसत होती. झालं वाटतं, असं तिला वाटलं.

"प्रिम! ऊठ लवकर, चल!"

नवव्या पेटीतून प्रिम उठली, कापड बाजूला केलं आणि मुकाट्याने आईमागे चालू लागली. मागे भंतेंचा दुसरा मंत्र सुरू झाला, पण हॉर्नच्या कलकलाटात तो सायबुआच्या कानावर आला नाही.

दुपारी रस्त्याकडेच्या टपरीवर दोघींनी तांदळाच्या शेवया मागवल्या. एरवी प्रिम मिरचीचा डबाच उपडा करायची. आज तिने मिरचीला हात लावला नाही. तिचा फोन पर्समध्ये तीनदा वाजून थांबला.

"तोंडाला कुलूप लागलं का ग? फोन तरी घे."

"नको."

"बरं नाही का वाटत?"

"बरं आहे."

सायबुआची नजर टेबलाखाली गेली. डाव्या पायातली चप्पल प्रिमने उजव्या पायात घातली होती आणि उजव्या पायातली डाव्यात. गर्दीत घाईने घातली असेल. सायबुआने खाली वाकून त्या नीट केल्या. पोरीचे पाय गार होते. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं.

शेवटी राहिला सावलीचा विहार. तिथे स्तूपाशेजारी एक जुनी लाकडी खोली आहे. दार लावलं की आत मिट्ट काळोख होतो, वटवाघळांचा आणि जुन्या तेलाचा वास येतो. दाराच्या फळीत सुपारीएवढं भोक आहे. त्यातून ऊन आत येतं आणि समोरच्या पांढऱ्या कापडावर बाहेरचा सगळा देखावा उलटा पडतो, रंगांसकट. सोन्याचा स्तूप उलटा टांगलेला दिसतो. प्रिम लहानपणी तो बघायला हट्ट धरायची.

"तू जा," ती म्हणाली. "मी इथेच थांबते."

सायबुआ एकटीच आत शिरली. दार लागलं. डोळे सरावायला थोडा वेळ गेला. मग कापडावर स्तूप उमटला, टोक खाली. चाफ्याचं झाड उलटं. जमीन वरती आणि तिच्यापासून लोंबणारी माणसं, सगळी खाली डोकं वर पाय. एक बाप पोराला खांद्यावर घेऊन फिरत होता. दोन भिक्खू चालले होते. सायबुआ कौतुकाने बघत राहिली.

मग तिला पिवळा ब्लाउज दिसला.

प्रिम सरळ उभी होती. सगळं जग उलटं आणि ती एकटी सुलटी. डोकं वर, पाय खाली... आणि पायाखाली आभाळ. भोकाकडे तोंड करून ती उभी होती. हलत नव्हती.

सायबुआने डोळे मिटले, पुन्हा उघडले. भिक्खू निघून गेले होते. प्रिम तशीच होती. आपण मारलेली हाक तिला आठवली, आणि उठून बसलेली ती आठ माणसंही आठवली. ती उठली होती ती वळण्यासाठी... आणि आपण पोरीला वळण्याआधीच बोलावलं.

पण मग त्या हाकेला उठलं कोण?

ती बाहेर आली. उन्हात प्रिम नेहमीसारखी उभी होती.

"दिसली सावली?" प्रिमने विचारलं.

"दिसली," सायबुआ म्हणाली. "चल ग. माझी जपमाळ तिकडे पेटीपाशी राहिली. घेऊन येऊ."

अर्ध्या तासाने त्या पोहोचल्या. डोंगराखालच्या विहारात आता शुकशुकाट होता. प्रिमला केबिनमध्येच बसवून सायबुआ मंडपात गेली. इनपानकाका झाडत होते. तिला पाहताच त्यांनी केरसुणी खाली ठेवली.

"तुझीच वाट बघत होतो. सायबुआ, तुझी पोर वळली नाही."

"काका, माझंच चुकलं. मीच हाक मारली... आता काय करू?"

"भंते मयताला गेलेत." नवव्या पेटीकडे त्यांनी नुसती मान केली. "मी दुपारपासून त्या पेटीजवळ झाडायला गेलो नाही. तूच ऐक."

सायबुआ पेटीपाशी गुडघे टेकून बसली. आत पांढरं कापड पसरलेलं होतं, सपाट. त्याखाली काहीच नव्हतं. कापडाला कापराचा वास येत होता.

"आई?"

आवाज कापडाखालून आला. बारीक, घुसमटलेला.

"आई, वळू का ग? केव्हापासून पडलेय... कुणी सांगतच नाही."

सायबुआच्या तोंडून हुंदका फुटला. तिने दोन्ही हातांनी पेटीची कड धरली. तेवढ्यात मागून, दारातून, त्याच आवाजात कुणी म्हणालं,

"आई, कुणाशी बोलतेस?"

प्रिम उंबऱ्यावर उभी होती. आत मात्र येत नव्हती.

"मागे बघू नकोस," इनपानकाका पुटपुटले. त्यांनी हात जोडले आणि जित्यांसाठीचा मंत्र म्हणायला सुरुवात केली. म्हाताऱ्याचा आवाज थरथरत होता, पण शब्द चुकत नव्हते. "सांग तिला. सांग लवकर."

"आई, नको," दारातली म्हणाली. "मी इथे आहे. घरी जाऊ ना."

सायबुआने डोळे घट्ट मिटले. "वळ," ती म्हणाली. "वळ, माझ्या राणी. डोकं पूर्वेला कर."

पेटीत कापड सळसळलं. लाकडावर टाचा आपटल्या. मंत्र संपला आणि दारात कुणीतरी धपकन पडलं.

सायबुआ धावली. प्रिम उंबऱ्यात पडली होती. डोळे उघडले तशी आईच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडायला लागली. "किती अंधार होता... किती उशीर केलास ग!" तिचे हात गरम होते. सायबुआने ते पुन्हापुन्हा गालाला लावले. तीही रडली. इनपानकाकांनी दोघींच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला.

"काका, आता सगळं ठीक ना?"

"ही वळली, हे नक्की," म्हातारा म्हणाला. "उठलं होतं ते कुठे गेलं, ते मला विचारू नकोस." आणि त्याने मंडपाचे दिवे लावले.

परतताना प्रिम शेजारीच झोपली. सायबुआ एका हाताने तिचे केस कुरवाळत गाडी चालवत होती. सूर्य डोंगराआड गेला, शेतांवर धूर पसरला. आता घर आलंच. चुलीवर भात टाकायचा, पोरीला दोन घास भरवायचे, एवढंच तिच्या मनात होतं. चिंचेचं झाड दिसलं. तिथून उजवीकडे घराचं वळण.

मागे घंटी वाजली.

दोन तुटक, एक लांब.

सायबुआचा पाय ब्रेकवर गेला, पण दाबायच्या आत तिथेच अडकला. केबिनच्या मागच्या काचेत नुसता अंधार होता. तिने शेजारी पाहिलं. प्रिम तशीच पडली होती, हात मांडीवर, मनगटाला दोरा, डोळे मिटलेले. रडली होती ती हीच. गरम हात हिचेच. पण तशी तर दुपारी टपरीवरही तिच्यासमोर प्रिमच बसली होती... खरं-खोटं पाहायचं तर ती खोली हवी, ते कापड हवं आणि ऊन हवं. ऊन आता उद्याच.

घंटी पुन्हा वाजली. दोन तुटक, एक लांब. ह्या खेपेला घाईने, अगदी वळणापाशी, जसं शाळेतलं पोर घर मागे पडेल म्हणून घाबरून वाजवतं.

"थांबू नकोस, आई," डोळे न उघडता प्रिम हळूच म्हणाली.

सायबुआने पाय ब्रेकवरून उचलला. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच गाडी घंटीला थांबली नाही. वळण गेलं, घर मागे पडलं. आणि मागे ती घंटी वाजतच राहिली.