नात्याचा रकाना

मदत केंद्राच्या खिडकीमागच्या कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही एक वर्ष लवकर आलात."

"माहितीये. मुद्दामच आले."

"कॉलेजच्या आर्थिक मदतीचे अर्ज पुढच्या वर्षी निघतील. तोपर्यंत... बसणार आहात इथे?"

मी हसू दाबलं. बाबा गेले त्या वर्षी माझा अर्ज दोन दिवस उशिरा पोचला होता आणि माझं कॉलेज तिथंच संपलं. तेव्हापासून मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. निदान धाकट्या बहिणीचं तरी असं होऊ द्यायचं नव्हतं. हे सगळं मी त्याला एका दमात सांगून टाकलं.

त्याची थट्टा विरली. कागदांची यादी लिहून देताना त्याचा चष्मा सारखा घसरत होता — एक दांडी सैल होती.

"द्या इकडे." छोटा स्क्रू ड्रायव्हर माझ्या पर्समध्ये असतोच.

चष्म्याविना तो डोळे बारीक करून बघत राहिला.

"काही दिसतंय का?" मी विचारलं.

"धूसर... पण छान दिसतंय."

ऐकलंच नाही असं दाखवून मी स्क्रू पिळला. जरा जास्तच पिळला.

मग दर महिन्याला एकेक कागद घेऊन मी जाऊ लागले. आईच्या पगाराचा दाखला, रहिवासाचा दाखला, धाकटीची गुणपत्रिका.

"हा तुम्ही मागच्या महिन्यात पाहिलात की!"

"पुन्हा पाहायला काय हरकत आहे?" तो कागदाकडे न बघताच म्हणायचा.

"ताई, दाखला दाखवायला काजळ कशाला लागतं गं?" धाकटीने एकदा विचारलं. मी तिला अभ्यासाला बसवलं.

अर्ज निघाले त्या सकाळी खिडकी उघडण्याआधीच मी हजर होते. तो मात्र हसला नाही.

"हा अर्ज मी तपासणार नाही."

"का? वर्षभर सगळं तुम्हीच बघितलंत ना! काय चुकलं?"

"काही नाही. नात्यातल्या, जवळच्या माणसाचा अर्ज तपासायचा नाही, असा नियम आहे."

"आपलं कुठं नातं आहे?"

"अजून... नाही."

तेवढ्यात आतून साहेबीणबाईंनी मला हाक मारली. करड्या आवाजाच्या बाई. त्यांना सगळं ऑफिस टरकून असायचं. समोरचा कागद त्यांनी मोठ्यानं वाचला, "'अर्जदाराच्या थोरल्या बहिणीवर माझं प्रेम आहे. म्हणून हा अर्ज मी तपासणं योग्य नाही.' हे तुम्हाला माहीत होतं?"

टाइप करणाऱ्यांचे हात थांबले. माझे कान तापले.

"तसं... थोडंसं."

"मग नात्याच्या रकान्यात काय लिहू? एकतर्फी की दोघांचं?"

दारात उभा असलेला तो घाईने म्हणाला, "मॅडम, त्यांच्यावर सक्ती नको. त्या काहीही म्हणोत, धाकटीच्या अर्जाला धक्का लागायला नको."

आपलं सगळं पणाला लावून हा माझ्या बहिणीची काळजी करत होता. मी बाईंच्या हातातलं पेन घेतलं, 'दोघांचं' असं लिहिलं आणि खाली सही केली.

बाईंनी अर्ज तपासला. "एकही कागद कमी नाही," त्या म्हणाल्या आणि त्याच्याकडे वळल्या, "निकाल लागेपर्यंत भेटीगाठी बंद."

दीड महिना आम्ही भेटलो नाही. कधी दुकानासमोरून तो सायकलवरून जायचा, मान न वळवता... आणि हमखास घंटी वाजवायचा. माझ्या हातातली काच तेवढ्यापुरती थांबायची.

मदत मंजूर झाल्याचं पत्र आलं. धाकटी मला घट्ट बिलगून रडली आणि मीही. मग मी तशीच, डोळेही न पुसता, खिडकीशी गेले.

पत्र वाचून तो हळूच म्हणाला, "आता एकही कागद उरला नाही. कशाला याल इथे?"

"आता तुम्ही यायचं. रविवारी, आमच्याकडे चहाला."

"आईंनी बोलावलंय?"

"अजून नाही," मी म्हणाले, "पण घरी जाऊन सांगितलं, की लगेच बोलावेल."