चाळीस पावलांचा बार

धारकड्याच्या पूर्वेकडील बुरुजावर पहाटेचा तांबूस उजेड अजून पुरता पसरलाही नव्हता, खालच्या खोऱ्यातले धुके नदीच्या वळणाला बिलगून होते, आणि किल्लेदार हैबतराव सावळे नेमाप्रमाणे सूर्याला अर्घ्य देण्यासाठी तांब्या उचलून उभे राहिले होते, एवढ्यात बार झाला. सूर्यबिंब दिसताच बुरुजावरच्या साऱ्या शिबंदीने हात जोडून डोळे मिटले होते, ते उघडले तेव्हा हैबतराव तटाशी कोसळले होते, आणि नित्य त्यांच्या उजव्या हाताला उभा राहणारा त्यांचा पुतण्या जानराव दरवाजाकडे बोट करून ओरडत होता, "धोंड्याने घात केला! धरा त्याला!"

धोंड्या काटवणकर हा त्या मुलखातला नामांकित दरोडेखोर. हैबतरावांनी त्याला अभयाचा कौल दिला होता, आणि हत्यार पायाशी ठेवून चाकरी पत्करायला तो त्याच सकाळी गडावर आला होता. बुरुजापासून चाळीस पावलांवर, दरवाजाच्या आत, तो पिस्तूल घेऊन उभा होता. पहारेकरी त्याच्यावर तुटून पडले. त्या झटापटीत दुसरा बार झाला की पहिल्याचाच प्रतिध्वनी कड्यावरून परतला, यावर नंतर कुणाचे एकमत होईना. पिस्तुलाची नळी मात्र रिकामी आणि ऊन निघाली. जानरावाने हुकूम सोडला : दोन प्रहरी कडेलोट.

गडाच्या दारूखान्याचा दारोगा लुकमान शिकलगार धन्याचे अखेरचे दर्शन घ्यायला आला, आणि पायांवर डोके ठेवून उठताना त्याची नजर अंगरख्यावर खिळली. उजव्या कुशीवरच्या भोकाभोवतीचे पांढरे कापड करपले होते. खालच्या कातडीत दारूचे काळे कण मोहरीसारखे रुतून बसले होते. तीस वर्षे ज्याने बंदुका आणि पिस्तुले खोलली, घासली, भरली आणि झाडून पाहिली, त्याला ही खूण कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने मान वर केली तो जानराव त्याच्याचकडे पाहत होता.

"काय पाहतोस, लुकमान?"

"धन्याचा चेहरा, सरकार," लुकमान म्हणाला, आणि मागे न पाहता बाहेर पडला.

तरीही त्याचा संशय एकट्या जानरावावर नव्हता. धोंड्याचा नेम उडत्या पाखराचा डोळा टिपतो, असे सारा मुलूख सांगत होता. लुकमान तडक कोठडीत गेला. कोपऱ्यात दोरखंडांनी जखडलेला धोंड्या ओठावरचे रक्त चाटत बसला होता.

"खरं बोल. वर्षात किती बार काढतोस?"

धोंड्या कसनुसा हसला. "दोन. फार तर तीन. चाचा, आम्हांला दारू कोण देतो? अन् रानात रोज बार काढून नेम धरत बसलो तर तुमचे स्वार आवाजाच्या मागोमाग येतील की!"

"मग पाखराचा डोळा?"

"ते लोक बोलतात, मी बोलू देतो. पिस्तूल माणसाच्या छातीला टेकवायचं. नेम लागतो कशाला? भ्यालेला माणूस आपणहून कमरेची थैली सोडतो. हाताभर लांब गेला तर मला तरी तो लागायचा कुठला!"

लुकमानला हसू आले नाही. गडावर रोज नेमबाजी करणारा एकच इसम होता. रोज तिसऱ्या प्रहरी जानराव झाडाला मडकी टांगून पंधरा पावलांवरून फोडी, आणि त्यासाठी लागणारी दारू लुकमानच्याच हातून जाई. पुढल्या पंधरवड्यात हैबतराव दुसऱ्याच भाऊबंदाचा मुलगा दत्तक घेणार, हेही गडावर सर्वांना ठाऊक होते. पण करपलेले कापड दाखवावे, तर जानराव म्हणेल, शिकलगाराने मागाहून जाळले. गडाच्या किल्ल्या अजून हैबतरावांच्या पत्नी सगुणाबाईंच्या हाती होत्या खऱ्या. शिबंदी मात्र जानरावाच्या शब्दात होती.

दोन प्रहर भरत आले. धोंड्याला कड्याकडे नेत असताना लुकमान सदरेपुढे आडवा झाला आणि चिकाच्या पडद्याआड बसलेल्या सगुणाबाईंना त्याने मुजरा केला.

"बाईसाहेब, या हत्याराने चाळीस पावलांवरून माणूस पडत नाही. गोळी नळीत सैल बसते. सुटताना ज्या कडेला आपटेल, तिच्या उलट पळते. धन्याला मारणारा हाताच्या अंतरावर होता."

जानराव संथपणे म्हणाला, "काकीसाहेब, शोकाच्या घरी हा कारागीर आम्हांवर तोहमत घेतो आहे."

"तोहमत नाही, सरकार. पारख मागतो. धोंड्याने बार काढला तर जीव वाचवायला मुद्दाम चुकवील. म्हणून बार आपण काढावा. आपल्याएवढा सरावाचा हात गडावर दुसरा नाही. हेच धोंड्याचे पिस्तूल, हीच चाळीस पावले, तीन बार. धनी उभे होते तिथे मी उभा राहतो. गोळी लागली, तर मी खोटा होतो आणि शिक्षाही तिथेच झाली."

पडद्याआडून सगुणाबाईंचा घोगरा आवाज आला, "लुकमान, तुला मुलंबाळं आहेत."

"धन्यांनाही आपण होता, बाईसाहेब."

"होऊ दे."

जानरावाच्या डोळ्यांत क्षणभर जे चमकले ते रागाचे नव्हते. या साऱ्या गडावर जो एकच माणूस त्याला जड जाणार होता, तो स्वतःहून निशाणावर उभा राहत होता.

हवालदार बाजी तुपे या म्हाताऱ्याने सर्वांसमक्ष पिस्तूल भरले. लुकमान तटाला पाठ लावून उभा राहिला. पायाखालचा दगड सकाळच्या रक्ताने अजून ओलसर होता. पहिली गोळी त्याच्या डोक्यावरून हातभर उंच तटाला लागून चिरा फुटला. दुसरी पायांपुढच्या मातीत शिरली. तिसऱ्या वेळी जानरावाने दोन्ही हातांनी मूठ आवळली, श्वास रोखला, फार वेळ घेतला, आणि बार होताच लुकमान अर्धा वळला. डावा कान फाटला होता. खांद्यावर रक्ताची धार लागली होती. पण तो उभा होता.

"दरोडेखोराचे हत्यार!" जानरावाने पिस्तूल फेकले. "वाकड्या नळीचे!"

"बरोबर, सरकार," लुकमान कानावर तळवा दाबत म्हणाला. "मग आता आपले काढा. कमरेचे. त्याची आपल्या हाताला सवय आहे. मी हलत नाही."

जानरावाचा हात कमरेच्या शेल्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"माझे हत्यार मी या कामी विटाळणार नाही."

त्या एका वाक्याने सदरेवरचे वारे फिरले. आत्ता तीनदा ज्याने विटाळ मानला नाही, त्याला चौथ्यांदा तो कसा आठवला? बाजी तुपे एक एक पाऊल टाकीत पुढे आला आणि त्याने हात पसरला. "द्या, सरकार. मी भरतो."

"दूर हो!"

"भरलेलेच असेल, तर दाखवायला काय हरकत?" हे सगुणाबाई बोलल्या, आणि बोलता बोलता पडदा सारून उघड्यावर आल्या. गडाने त्यांना असे कधी पाहिले नव्हते. जानराव मागे सरला, तो त्याच्याच दोन शिपायांना जाऊन भिडला. ते बाजूला झाले नाहीत. म्हाताऱ्या हवालदाराने शेल्यातून पिस्तूल ओढून काढले, नळीत गज घातला. मध्ये गोळी न लागता गज तळाला जाऊन टेकला. बाहेर आला तो ताज्या काजळीने काळा. सकाळपासून माणसांच्या गराड्यात असलेल्या जानरावाला ते पुन्हा भरायला सवडच मिळाली नव्हती.

"काकीसाहेब..." एवढेच तो बोलला.

त्याचा कडेलोट झाला नाही. सगुणाबाईंनी त्याच्या पायांत बेड्या घालून, करपलेल्या अंगरख्यासह त्याला निवाड्यासाठी हुजुराकडे रवाना केले. नवऱ्याने दिलेला शब्द राखून धोंड्याला दरवाजाच्या पहाऱ्यावर ठेवले, आणि तो तिथे कुरकुरत का होईना, अखेरपर्यंत राहिला.

तेरावा झाल्यावर त्यांनी लुकमानला बोलावून घेतले. फाटक्या कानावर पट्टी होती.

"एक विचारते. गोळी लागायची नाही, याची तुला खातरी होती?"

लुकमानने पट्टीवरून हात फिरवला.

"बाईसाहेब, या पिस्तुलाचा काही भरवसा नाही. आणि भरवसा नाही म्हणजे लागणारच नाही, असा भरवसाही नाही. दहांत एखादी लागते. ती कितवी, हे सोडणाऱ्यालाही कळत नाही."

सगुणाबाईंनी उठून स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, आणि त्याने तो दोन्ही हातांनी उचलून आधी कपाळाला लावला.