शांततेने दिलेला होकार

"आजी, खोली सोडायला तू हो म्हणालीस?" संघमित्राने सभेचा छापील कागद पुढे धरला.

रखमाआजीचा तांदूळ निवडणारा हात थांबला. "मी? कालच्या सभेत मी तोंडसुद्धा उघडलं नाही गं!"

कागदावर होतं:

विषय : चाळ रिकामी करणे
००:१२ मंजूर आहे.
००:४० आम्हाला मंजूर आहे.
०१:५५ सर्वांना मंजूर आहे.

बिल्डरचा माणूस हा कागद न्यायला पाच वाजता येणार होता. आता साडेचार!

"पहिली दोन मिनिटं?" वरच्या मजल्यावरचा हेरंब दचकला. "तेव्हा आपण बाबुरावकाकांना श्रद्धांजली वाहत उभे होतो! कोणी खोकलंही नाही."

"मग बोललं कोण?" धाकट्या गौतमचा आवाज कापला. "बाबुराव..."

"गप रे!" हेरंब ओरडला.

तिघं चाळीच्या ऑफिसात धावले. सेक्रेटरी हितेंद्रकाकांच्या मोबाइलवर, बोललेलं आपोआप लिहिणाऱ्या ॲपमध्ये, सभेचं रेकॉर्डिंग लावलं.

पंखा. घरघर. पंखा.

एकाही माणसाचा आवाज नाही. आणि स्क्रीनवर अक्षरं उमटत होती.

"हे ॲप आवाजाचे बारीक तुकडे करतं," संघमित्रा कुजबुजली. "मग कुठला शब्द असेल, पुढे कुठला येईल, याचा अंदाज लावतं. शेकडो सभा ऐकवून शिकवलंय त्याला. सभेत लोक काय म्हणतात?"

"मंजूर!"

"हां. आणि आवाज नसला, तरी ते लिहायचं थांबत नाही."

"मशीन खोटं बोलतं होय?" काका गुरकावले. "खाली सगळ्यांच्या सह्या आहेत!"

"त्या कोऱ्या कागदावर हजेरीसाठी घेतलेल्या! काका, तुम्ही कागद वाचला तरी का?"

काकांनी रागाने तोंड फिरवलं. संघमित्राने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि मोठ्याने म्हणाली,

"विषय : हितेंद्रकाकांनी आपली खोली आजच सोडावी."

काका गप्प. हाताची घडी. डोळे लाल.

पाच सेकंद.

दहा. काहीच नाही! गौतमने हेरंबचा हात घट्ट धरला.

पंखा. घरघर.

मंजूर आहे.

स्क्रीनवरची अक्षरं पाहून काकांचा चेहरा उतरला. "अरे! मी कुठे बोललो?"

मंजूर आहे. धन्यवाद.

"बंद कर! बंद कर ते!"

बाहेर बिल्डरच्या माणसाची गाडी थांबली. काकांनी कागदाचे चार तुकडे केले आणि दारातच म्हणाले, "सभा पुन्हा होईल साहेब. माझी चूक झाली. न वाचताच छापलं."

जिन्यातून रखमाआजी खाली आली. तिने तिघांच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास रे वाघांनो! हितेंद्र, सभा उद्याच घे. पहिली मी बोलणार. आणि तू तुझ्या हाताने लिहायचंस."