सामायिक कपाट

तैवानमधल्या ताइचुंग शहरातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसात जेवणाचे डबे आले तेव्हा साडेबारा झाले होते, आणि पेइशानचं अजून ठरत नव्हतं. ठरवायचं होतं एवढंसंच. पुराचं पाणी समुद्रात ढकलणाऱ्या पंपांचं सॉफ्टवेअर त्यांची कंपनी करायची. पंप कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, हे त्या सॉफ्टवेअरला शिकवणारे स्क्रिप्टचे तुकडे, म्हणजे मॉड्यूल, इन्स्टॉल होताना कुठे ठेवायचे? इन्स्टॉल करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या फोल्डरात, की सगळ्यांच्या सामायिक फोल्डरात? बाहेरच्या माणसाला यात डोकं खाजवण्यासारखं काय आहे, ते कळायचं नाही. पण उद्या दुपारी वादळ किनाऱ्याला धडकणार होतं. जुनी आवृत्ती भरतीची वेळ चुकवत होती, म्हणून किनाऱ्यावरच्या युनलिन जिल्ह्यातल्या तेवीस पंपघरांना नवी आज पाचच्या आत मिळायलाच हवी होती. पंप बंद राहिले, तर पाणी सरळ लोकांच्या घरात.

"स्वतःच्या फोल्डरात टाक आणि मोकळी हो," तोंग साहेब भात कालवत म्हणाले. "सामायिक फोल्डरला मुख्य पासवर्ड लागतो. तेवीस पंपघरांच्या प्रमुखांना फोन करून तो टाकायला कोण सांगणार? तुझी सासू?"

"लाय काका सामायिकमध्येच ठेवायचे."

"लाय काकांना लिफ्टचीसुद्धा घाई नसायची!"

सगळे हसले आणि मग उगाच डब्यात बघू लागले. लाय काकांना जाऊन सात महिने झाले होते. पेइशानला काम त्यांनीच शिकवलं होतं, कपाळाला पुदिन्याचं तेल चोळत, चिडत, हसत. ते म्हणायचे, "अगं, सोया सॉसची बाटली तू आपल्या खोलीत नेऊन ठेवलीस, तर बाकीचं घर जेवणार कशाशी? सामायिक कपाटात ठेव."

चाचणीच्या मशीनवर त्यांनीच ठेवलेली मक्याच्या कुरकुरीत खाऊची हिरवी पुडी अजून होती. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून अशी पुडी इथे सगळेच ठेवतात. ती हिरवीच हवी, तारीख उलटलेली चालत नाही, आणि तिला कुणी हात लावत नाही. लाय काका मात्र काम फत्ते झालं की ती फोडून खायचे. "ही माझी मजुरी," म्हणायचे. तळाशी एक दाणा तेवढा मशीनसाठी ठेवायचे आणि मग नवी पुडी आणायचे. या शेवटच्या पुडीची तारीख मार्चमध्येच उलटली होती, पण ती बदलायला कुणाचा हात धजावला नव्हता.

पेइशानने साहेबांचं ऐकलं. मनाला पटलं नव्हतं, पण घड्याळापुढे कुणाचं चालतं? तिने स्वतःच्या फोल्डरचा पत्ता लिहिला, कोऱ्या मशीनवर इन्स्टॉल केलं आणि फोल्डर उघडला.

रिकामा. मॉड्यूल सामायिक फोल्डरात होते.

'माझंच चुकलं असणार,' ती मनात म्हणाली. अक्षर न् अक्षर तपासलं. पत्ता बरोबर होता. मशीन पुसून कोरं केलं, पुन्हा इन्स्टॉल केलं. नोंदीत लिहून आलं, 'वापरणाऱ्याच्या फोल्डरात ठेवले.' आणि ठेवले होते सामायिकमध्येच. पासवर्ड न मागता तिथे काही ठेवताच येत नाही, आणि मशीनने पासवर्ड मागितला नव्हता.

तिसऱ्यांदा तिने, बाहेरून कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून, नेटवर्कची वायरही काढली. तेच झालं. एसीच्या गार हवेत आता पुदिन्याचा वास होता. आधी पुसट, मग चांगला नाकात झोंबणारा.

"साहेब, कुणी तेल लावलंय का?"

"कसलं तेल? सव्वातीन वाजले, पेइशान."

तिला भीती वाटत होती, आणि ती वाटतेय याचा रागही येत होता. पण काकांनी एक गोष्ट घोटून घेतली होती: मशीन हट्टाला पेटलं, तर आधी त्याचं म्हणणं ऐक.

तिने मॉड्यूल हाताने उचलून स्वतःच्या फोल्डरात ठेवले. या वेळी ते तिथेच राहिले. मग तिने एरवी कुणीच करत नसे ते केलं. ऑफिसात सगळे आपापल्या नावाने आत शिरून पंप सुरू करून बघायचे, आणि तो सुरू व्हायचाच. पंपघरात मात्र पाणी वाढलं की सॉफ्टवेअर आपलं आपण जागं होतं, कुणाच्याच नावाने नाही. तिने आपलं नाव बंद केलं, पडद्यावर खोटं पाणी चढवलं आणि बघत बसली.

पाणी चढलं.

पंप हलला नाही.

पडद्यावर लाल ओळ आली: 'मॉड्यूल सापडले नाहीत.'

ज्याला नावच नाही, तो पेइशानच्या खोलीत शोधायला येणार कसा?

तिने पत्ता बदलून सामायिक फोल्डरचा केला. या वेळी मशीनने रीतसर पासवर्ड मागितला. खोटं पाणी चढलं आणि पंप सुरू झाला. वास गेला होता.

तोंग साहेबांनी येऊन नोंदीतली ती लाल ओळ वाचली.

"तेवीसच्या तेवीस?"

"बंदच राहिले असते, साहेब."

त्यांनी घाम पुसला आणि फोन ओढला. "पहिले बारा मी करतो. उरलेले तू. आणि माझ्या मघाच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस."

वादळ आलं, दोन दिवस झोडपून गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या पंपघराचा फोन आला. सगळे पंप चालले होते, एकाही घरात पाणी शिरलं नव्हतं. तोंग साहेबांनी सगळ्यांना शेंगदाण्याचं गोड सूप पाजलं. पेइशानला एकदम इतकं हलकं वाटलं की हसता हसता तिचे डोळे भरून आले.

ती खाली जाऊन नवी हिरवी पुडी घेऊन आली. मशीनजवळ उभी राहून हळूच म्हणाली, "काका, जमलं," आणि जुनी पुडी उचलली.

ती फारच हलकी होती. पेइशानने उलटसुलट करून पाहिली. दोन्ही टोकं कारखान्यातून आली तशी चिकटलेली, कुठे चीर नाही, भोक नाही, उंदराचा दात नाही.

तिने पुडी कानाशी नेऊन हलवली. आत एकच दाणा खुळखुळला.