चाळीस लाकडी सुरय

तो दुकान चुकून आत आला होता. त्याला कुलूप हवं होतं आणि हे निघालं सुताराचं दुकान. सुतार माप घ्यायला बाहेर गेलेला. त्याची मुलगी एकटीच एका लाकडी बदकाला डोळा काढत बसलेली. डोळा पुरा होईस्तोवर तो दारातच उभा राहिला. मग कुलूप विसरून म्हणाला, "पक्षी कराल… चाळीस?"

"खेळायला?"

"नाही. खऱ्या पक्ष्यांना धीर यावा म्हणून."

समोरच्या बेटावर तो पक्ष्यांचा राखणदार होता. तिथे पूर्वी सुरय घरटी करायचे — पांढरेशुभ्र, काळ्या टोपीचे समुद्रपक्षी. उंदरांनी अंडी फस्त केली आणि अकरा वर्षांपूर्वी पक्ष्यांनी बेटाकडे पाठ फिरवली. आता जगात ते काही शेकडाच उरलेले. उंदीर हटवले होते. पण जिथे आपलं कोणी बसलेलं नाही, तिथे सुरय उतरत नाही. यंदाही कोणी उतरलं नाही, तर काम बंद होणार होतं.

एरवी मोजून बोलणारा हा माणूस पक्ष्यांवर आला की थांबायचा नाही. ती चोची रंगवता रंगवता मुद्दाम चुकीचे प्रश्न विचारायची.

लाकडी पक्षी मांडायला ती बेटावर गेली आणि मग दर रविवारी जात राहिली. खरे सुरय यायचे, घिरट्या घालायचे… आणि वळायचे. तिसऱ्या रविवारी आडोशाला बसून बघताना तिच्या लक्षात आलं. लाकडी पक्ष्यांवर ऊन चमकलं की खरे पक्षी वळत होते.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी वॉर्निश मारलंय."

त्यानं बोल लावला नाही. पॉलिश पेपरचे दोन तुकडे आणले. संध्याकाळपर्यंत दोघं पक्षी घासत बसले. शेवटच्या पक्ष्यावर दोघांचे हात एकदमच पडले.

"हा झालाय घासून," ती म्हणाली.

"माहितेय." पण हात हलला नाही.

पुढच्या रविवारी एक सुरय उतरला. चोचीत चांदीसारखा मासा. तो एका लाकडी मादीपुढे गेला, मान झुकवली आणि मासा पुढे केला.

"ती घेणार नाही," ती कुजबुजली.

"तरी विचारावं लागतं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच बघत होता, कान मात्र लाल झालेले.

तेवढ्यात आभाळ उतरलं. एक, दहा, शंभर… पांढऱ्या पंखांनी ऊन झाकलं, किलबिलाटानं वाळू थरथरली. तिला श्वास घ्यायचं सुचेना. इतकं सगळं, आणि तेही आपल्या डोळ्यांदेखत! त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पुसायचं त्याला भान नव्हतं.

आता पिल्लं उडेपर्यंत बेट बंद. अडीच महिने कोणी यायचं-जायचं नाही; राखणदार म्हणून तो तिथेच राहणार. नावाडी खोळंबला होता.

"हे सगळं परत आलं," तो म्हणाला, "आणि मी… तुम्ही जाताय याचंच दुःख करतोय."

"बाबांना आज सांगते. तुझ्याबद्दल."

'तुझ्या'वर तो अडखळला. "ते नाही म्हणाले तर?"

"मनवायला अडीच महिने आहेत. पिल्लं उडतील त्या दिवशी बाबा बोटीत माझ्याशेजारी असतील. कुरकुरत का होईना."

बोट सुटली. हात हलवला असता तर सगळे पक्षी उठले असते. म्हणून तो किनाऱ्यावर हात अंगालगत धरून नुसता उभा राहिला… आणि दिसेनासा होईपर्यंत तीही तशीच, निश्चल, त्याच्याकडे बघत राहिली.